श्री खळनाथ प्रसन्न

परबबाईचं नाव निघालं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलणारे बोलोत. तोंडावर मी तिला अहोजाहो केलं, तेवढं पुरे झालं. आता ‘ती’च म्हणणार. माझा भाऊ वसंत मात्र अजून ‘बाई म्हणायच्या’ असंच म्हणतो आणि आमची हटकून जुंपते. तो म्हणतो, "ताई, त्या नसत्या तर मी गावी गुरं राखत असतो." खरं आहे. खरं असलं म्हणून काय झालं?

आम्ही डिलाईल रोडला चाळीत राहायचो. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. आई मालवणकडची, लग्न होऊन बोटीतनं उतरली ती थेट आमच्या खोलीत, आणि तोंडात मालवणी घेऊन आली ती तशीच राहिली. तिला दुसरं काही बोलायची गरजच पडली नाही. अर्धी चाळ तिकडचीच. भांडण मालवणीत, बारसं मालवणीत, आणि कुणी गेलं तर रडणंही मालवणीतच.

वसंता मुका नव्हता की मंद नव्हता. एकदा ऐकलेलं गाणं त्याला दुसऱ्यांदा ऐकावं लागायचं नाही. गणपतीत आरत्या सगळ्या पाठ. पण पुस्तक पुढ्यात धरलं की पोरगं गप्प. अक्षरावर बोट ठेवायचं, माझ्या तोंडाकडे बघायचं आणि काहीतरी ठोकून द्यायचं. तिसरीत एकदा बसलाच होता. त्यात एके दिवशी पाटीवर त्याने वरच्या अंगाला मोठ्या हौसेने गावच्या देवाचं नाव लिहिलं. श्री रवळनाथ प्रसन्न लिहायचं होतं. लिहिलं काय? ‘श्री खळनाथ प्रसन्न’.

बाबांनी पाटी बघितली आणि त्याच्या एक सणसणीत ठेवून दिली. "देवाक खळ म्हणतंस? देवाक?" आईने लगेच देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, की पोराची चूक पदरात घे रे महाराजा. आणि बाबांनी त्याच रात्री जेवताना निकाल दिला. यंदा परत नापास झाला तर मे महिन्यात बोटीत घालायचा. गावी काकांकडे गुरं तरी राखील. बाबा वाईट नव्हते हो. त्यांच्या मते गिरणीतल्या माणसाच्या पोराला हे दोनच रस्ते होते.

आई पार हबकली. पोरगं डोळ्यांसमोरनं जाणार, ही एकच धास्ती तिने घेतली. मग सुरू झाली आमची पायपीट. मला सतरावं लागलं होतं, चौथीत शाळा सुटलेली, पण तिला शहरात फिरवणारी मीच. आधी वर्गातले मास्तर. ते म्हणाले, "अहो, माझ्या वर्गात बसायला जागा नाही. मी बाकीच्यांकडे बघू की ह्याच्याकडे?" मग व्यायामशाळेतला अभ्यासवर्ग. तिथे चाळीतली तरणी पोरं शिकवायची, पण ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. अभ्यास बाजूला पडला आणि कागदी झेंडे चिकटवायचं काम सुरू झालं. वसंता तिथनं आला तो घोषणा पाठ करून. अक्षर एक नाही. मग दादरला एक नावाजलेले शिकवणीवाले होते, त्यांनी दारातच विचारलं, "वर्गात कितवा येतो?" म्हटलं, येत नाही म्हणूनच आलोय. तर म्हणाले, "मला घोडे लागतात, बाई." आई बिचारी रस्ताभर मला विचारत होती, "घोडे कित्याक?"

शेवटी कुणीतरी लालबागच्या परबबाईचं नाव सांगितलं. सांगणारीने वर बजावलंही होतं, की शिकवते, पण तोंडाने फार वाईट.

वाईट? अहो, विंचू बरा. बाजाराच्या मागे पहिल्या मजल्यावर तिची खोली. एकटी. उंच, हाडकुळी, पांढऱ्या लुगड्याला बोटभर काठ, आणि बारा महिने हातात काळी छत्री. कुठल्याशा शाळेत होती, तिथनं मुदतीआधीच घरी बसली. कुणी म्हणायचं पोरांना मारते म्हणून, कुणी म्हणायचं हेडमास्तरांना शुद्धलेखन शिकवलं म्हणून. मला दुसरं खरं वाटतं. कारण चुकीचं बोललेलं तिला सहनच व्हायचं नाही. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ती ते धुऊन, पिळून त्याच्या हातात द्यायची. वरळी कोळीवाड्याची एक मावशी मासळीची पाटी घेऊन यायची. ती म्हणाली, "घे बाय, ताजा हाय." ही म्हणाली, "‘ताजा हाय’ नाही. ‘ताजा आहे.’" मावशीने पाटी परत डोक्यावर घेतली. "म्हावरं घेतेस का व्याकरण शिजवतेस?" असं तिला कुणीतरी बोललेलं ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

आम्ही गेलो तेव्हा आईने सोबत कोकमाची सोलं आणि नारळ नेला होता. बाईने नारळाकडे बघितलं. "हा फोडायचाय की पोरगं?"

आई म्हणाली, "बाईनू, ह्याका वाचूक येणा नाय."

"कुणाला येत नाही?"

"ह्याका."

"‘ह्याला’ म्हणा. मग बोलू."

आईला कळेचना. तिने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, आये, ह्याला म्हण. आईने पदर सावरला आणि शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली, "ह्याला." मला तेव्हाच उठून जायचं होतं. आईने माझा हात घट्ट धरून ठेवला.

आणि ही बाई कोण? परब! आमच्याच मुलखातली. मालवणी कळत नसेल होय तिला? पण एक शब्द तोंडातनं चुकून सांडायची नाही. आयांना ती ‘बोटवाल्या’ म्हणायची. "बोटीतनं उतरताना तोंड तिथेच ठेवून यायचं होतं," हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. स्वतः काय विमानातनं उतरली होती?

शिकवायची रीत तिची तऱ्हेवाईक. पाटी नाही, पेन्सिल नाही. शेगडीची राख वस्त्रगाळ करून पितळी परातीत पसरायची आणि पोराने त्यात बोटाने लिहायचं. चुकलं की तळवा फिरवून सपाट. का, तर म्हणे, "तुमच्या चुकांना कागद कशाला नासायचा?" कान धरायची तो वरच्या पाळीला, नखाने. "डोळे फुटलेत का? मग कानाने का वाचतोस?" हे तिचं पालुपद. आयांना दाराच्या आत यायची बंदी. मी जिन्यात बसायची, दार उघडं, सगळं दिसायचं आणि ऐकू यायचं.

एका दुपारी तिने वसंताला पुस्तकातलं वाक्य वाचायला दिलं. ‘मोर दाणे खातो.’ वसंता बोट ठेवून म्हणाला, "मोर दाणे रवातो."

"म्हणजे काय?"

वसंता घाबरला. मग डोकं खाजवून म्हणाला, "मोर रवता, बाई. दाण्यात रवता."

मी डोळे मिटून घेतले. आता कानाचा तुकडा पडतो म्हटलं. पण बाईने कान धरलाच नाही. तिने परात त्याच्या पुढे सरकवली आणि म्हणाली, "तू कुठे राहतोस ते लिही." वसंताने राखेत लिहिलं: ‘मी चाळीत खतो.’

इथे थोडं सांगते, म्हणजे कळेल. तेव्हाच्या पुस्तकांत ख छापायचे तो र आणि व नुसते शेजारी उभे केल्यासारखा. इतर पोरं अंदाजाने निभावून न्यायची. पण आमच्या घरात दिवसभर चाले काय? ‘हय रव’, ‘गप रव’, ‘खंय रवलंस?’ राहणं नाहीच, रवणंच. पोराला र-व दिसला की घरचा शब्द ऐकू यायचा, आणि घरचा शब्द लिहायला गेलं की हाताला ख यायचा. रवळनाथाचा खळनाथ असा झाला होता. एवढे मास्तर झाले, बाबा झाले, मी रोज शेजारी बसत होते, कुणाच्या ध्यानात आलं? हिच्या ध्यानात एका दुपारी आलं. हे मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

तेव्हा ती काय म्हणाली असेल? शाब्बास? छे! मला जिन्यातनं वर बोलावलं. "मुलगा वाचतोय. चुकीची भाषा वाचतोय. परीक्षेपर्यंत घरात मालवणी बंद. एक शब्द नाही. त्याच्या कानावर पडता कामा नये."

मी म्हटलं, "बाई, आईला दुसरं येत नाही."

"मग गप्प बसायला सांग. ते सगळ्यांना येतं."

मी घरी येऊन ते सांगितलंच नसतं. पण वसंताने सांगितलं. आईने ऐकलं आणि मान हलवली. पहिले दोन दिवस तिने आमच्यासारखं बोलायचा प्रयत्न केला. "वसंत, तू इकडे... इकडे..." आणि रव ओठावर यायचा, ती गिळायची. बाबांना गिरणीत वावरून तसं बोलता यायचं, ते हसायचे. शेजारणी हसायच्या. मग तिने बोलणंच सोडलं. एखादं व्रत धरावं तसं. जेवायला बोलवायचं तर तांब्यावर पळी वाजवायची. अंघोळीला पाठवायचं तर टॉवेल अंगावर टाकायची. सार्वजनिक नळावर मात्र गेली की बायकांशी इतकं बोलायची, इतकं बोलायची, की हंडा भरून वाहायचा. खोलीत पाऊल टाकलं की तोंड बंद.

एकदा वसंताने मला हळूच विचारलं, "ताई, आये माझ्यावर रागावलीय?" मी म्हटलं, नाही रे, तुझ्यासाठीच चाललंय. पण लहान पोराला ते कसं पटावं? आईने न बोलता पाठीवरनं हात फिरवला तरी तो अंग चोरायला लागला. ते बघून माझा जीव तुटायचा. त्या बाईला जाऊन बदडावं असं वाटायचं. मी आयुष्यात फार थोड्या माणसांचा इतका राग केला.

बाहेर तेव्हा पेटलेलं होतं. गिरण्या बंद, मोर्चे, लाठ्या, अश्रुधूर, मध्येच संचारबंदी. जिथे बघावं तिथे भिंतीवर घोषणा. परबबाईच्या चाळीच्या भिंतीवर पोरांनी डांबराने लिहिलं, ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पायजे’. ही छत्री घेऊन खाली उतरली. मला वाटलं, भिंत घाण केली म्हणून ओरडणार. तर म्हणाली, "‘पाहिजे’! आधी लिहायला शिका, मग राज्य मागा. आणि ‘संयुक्त’ कुणी लिहिलंय? ते बरोबर आहे. बाकीचं पुसा." दांडगी दांडगी पोरं, पोलिसांना न भिणारी, पण मुकाट्याने भिंत खरवडायला लागली. त्यांतली निम्मी तिच्या राखेत बोट घालून गेलेली होती.

त्याच सुमाराला माझं आणि तिचं वाजलं. सकाळी रस्त्यावर गोळीबार झालेला. वाटेत चपलांचा खच पडला होता. आईनेच खुणेने मला पिटाळलं होतं, शिकवणी चुकवायची नाही म्हणून. मी वसंताचा हात धरून धापा टाकत वर गेले आणि माझा बांधच फुटला.

म्हटलं, "बाई, खाली मराठीसाठी माणसं गोळ्या झेलतायत आणि तुम्ही माझ्या आईला तिची मराठी बोलू देत नाही!"

"ती मराठी नाही."

"मग काय आहे? इंग्रजी?"

ती राख चाळत होती, हात थांबला नाही. "राज्य मिळेल. मिळायलाच पाहिजे. आणि उद्या तू त्या राज्याच्या कचेरीत जाशील. तिथला कारकून ‘खंय रवतंस’ म्हणून विचारेल तुला? तुझ्या आईने तोंड उघडलं की तो शेजारच्याकडे बघून हसेल. तिला कळेल तो का हसला ते. मी बघितलंय."

"काय बघितलंय?"

"जिन्यात बस," ती म्हणाली.

मी बसले. काय करणार? अडला हरी, दुसरं काय. पण मी मनात म्हटलं, कारकून हसेल तर कारकुनाचं तोंड फोडायला पाहिजे. तू माझ्या आईचं का बांधलंस?

परीक्षेला दिपोटी आले, म्हणजे शाळा तपासणारे साहेब. आई वर्गाच्या खिडकीबाहेर भिंतीला टेकून उभी, मी तिच्या शेजारी. साहेबांनी नेमका खारीचा धडा काढला. खार, खडा, खांदा, खूण. पानभर नुसते ख. आईच्या नखांनी माझ्या दंडाची सालं निघाली. वसंताने घसा साफ केला आणि वाचलं. एकदाही रव नाही. संथ, स्पष्ट, अगदी बाईच्या आवाजात वाचलं. साहेब म्हणाले, "छान." आई मटकन खालीच बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. पोरगं राहिलं. बाबांनी परत कधी बोटीचं नाव काढलं नाही.

आई पेढे घेऊन लालबागला गेली. बाईने पेढ्याला हात लावला नाही. म्हणाली, "चौथीत जोडाक्षरं वाढतील, तेव्हा रडत येऊ नका." आई दारातच घुटमळली. शब्द जुळवून जुळवून तिने विचारलं, "आता... घरात बोलू का मी?"

"बोला की," बाई म्हणाली. "आता तो ऐकणार नाही."

मला तेव्हा वाटलं, तोडून बोलायची सवय, दुसरं काय. अर्थ घरी कळला. संध्याकाळी आई इतक्या दिवसांनी मोकळी झाली होती. "वशा, तुका काय करू रे? शिरवाळे करू की घावणे?" आणि वसंता म्हणाला, "आई, ‘तुका’ नाही, ‘तुला’."

आये म्हणायचा तो पोरगा. आई म्हणाला.

आणि आमची आई वेडी! तिला त्याचंही कौतुक. नळावर सांगत सुटली, "माझो झील माका शिकयता." लेक मला शिकवतो म्हणे! मी वसंताला कोपऱ्यात घेऊन असा चिमटा काढला की त्याला आठवत असेल. पण उपयोग शून्य. तो ऐकायचाच नाही. तिने दहा वाक्यं बोलावीत आणि ह्याने एकाचं पुस्तकी उत्तर द्यावं. तो परका वाटायला लागला घरात.

पुढे काय झालं, माहीत आहे? पुस्तकं छापणाऱ्यांनीच ख बदलला. र आणि व खालून जोडून टाकले, झालं. आता कुठल्या पोराचा घोटाळा होत नाही. एका रेघेचं काम होतं! परातीतल्या राखेत बाईने ती रेघ बोटाने ओढून दाखवली असती तरी भागलं असतं. आणि तिने काय केलं, तर माझ्या आईची जीभ कापली. वसंता म्हणतो, "ताई, तेव्हा कुणाला सुचलं नव्हतं." नसेल. मला ते ऐकायचं नाही.

राज्य मिळालं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आई महिनाभर गावी निघाली होती. मी आणि वसंता पोचवायला भाऊच्या धक्क्यावर गेलो होतो. बोचकी, ट्रंका, पोरं, नुसता कल्ला. आणि बघते तर समोर काळी छत्री. परबबाई. तिच्याबरोबर एक वाकलेली म्हातारी, कपाळाला मोठं गोंदण. म्हातारीचा तोंडाचा पट्टा अखंड चालू, ठसठशीत मालवणीत. बाईची आई. म्हणजे हिलाही आई होती.

म्हातारीची आणि आमच्या आईची तिथल्या तिथे गट्टी जमली. एकाच बोटीने जायचं होतं. दोघी फळीवरनं वर चढल्या आणि कठड्याला लागून उभ्या राहिल्या. खालनं परबबाई म्हणाली, "पोहोचल्यावर कळवा. प्रकृतीची हेळसांड करू नका."

म्हातारीने कानाला हात लावला. मग आमच्या आईकडे वळली. खाली आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "काय म्हणता गो ही? माका ‘तुम्ही’ म्हणता. मी काय तिची सासू?"

आमची आई तिच्या लेकीचं बोलणं मालवणीत करून म्हणाली, "तुझा चेडू म्हणता, पोचलंस की खबर धाड. आणि जीवाक सांभाळ."

"असां म्हणता?" म्हातारीचा चेहरा उजळला. "मगे तसां सांगूक काय झाला तिका?"

मी परबबाईकडे बघितलं. मुद्दामच बघितलं. ती छत्रीच्या मुठीवर डोळे लावून उभी होती. मला दया आली नाही, खोटं कशाला सांगू. बरं वाटलं. भोग आपल्या कर्माची फळं, म्हटलं. पण मग माझं लक्ष वसंताकडे गेलं. तोही बाईकडेच बघत होता. मग वर आपल्या आईकडे बघितलं, मग परत बाईकडे. फळी काढून घेतली. बोटीचा भोंगा झाला. वसंता एकदम पुढे धावला आणि जीव खाऊन ओरडला, "आये! बेगीन ये गो! आये!"

आईने वरनं दोन्ही हात तोंडावर घेतले.

परबबाई त्याच्या अगदी हाताच्या अंतरावर उभी होती. तिची मान त्याच्याकडे वळली आणि मी पुढे सरसावले, आता ही ‘लवकर’ म्हणणार म्हणून. म्हणाली असती तर धक्क्यावरनं ढकललीच असती मी तिला. पण तिने तो शब्द दुरुस्त केला नाही. बोट लांब जाईपर्यंत वसंताच्या शेजारी तशीच उभी राहिली. मग छत्री उघडली आणि गर्दीतनं निघून गेली.